गुब्बू उपाशी आहे

या, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्या काकू, तुम्हीसुद्धा. गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. मोबाईल बंद करा हे तुम्हाला सांगावं लागत नाही, पण मुलांच्या हातातली बोलकी खेळणी तेवढी बाहेर चपलांशेजारी ठेवून या. का, ते कळेलच.

कीर्तनात होऊन गेलेल्या राजांच्या गोष्टी आपण ऐकतो. ही अजून व्हायची आहे. पण फार लांब नाही; मांडीवरचं नातवंड शाळेत जायला लागेल तेवढ्यात येऊन ठेपेल. म्हणून झाल्यासारखीच सांगते. एका आईची, तिच्या लेकीची आणि एका भुकेल्या खेळण्याची गोष्ट आहे. ऐकताना जीव टांगणीला लागेल, त्याला माझा इलाज नाही.

पूर्वरंग थोडक्यात आटोपते.

त्या काळी एक चांगला कायदा झाला होता. लहान मुलांना तळकट, गोडमिट्ट खाण्याच्या जाहिराती दाखवायच्या नाहीत. 'गपागप' नावाची दुकानांची एक साखळी होती, गावोगाव पसरलेली. बर्गर, बटाट्याच्या सळ्या आणि वर फेस आलेलं गोड पेय. गपागपनं कायदा अगदी इमानदारीनं पाळला. भिंतींवरची चित्रं उतरवली, गाणं बंद केलं, आणि एक खेळणं काढलं. गुब्बू.

गुब्बू म्हणजे लोकरीचा एक ढेरपोट्या प्राणी, ना ससा ना घुबड. मुलांशी बोलायचा, त्यांचं ऐकायचा, नावानं हाक मारायचा. त्याच्या पोटात केशरी दिवा होता. पोट भरलेलं असलं की दिवा उजळ, मग मंद होत जायचा आणि गुब्बू बारीक आवाजात म्हणायचा, "मला भूक लागली." त्याचं पोट भरायची जागा एकच. गपागपच्या काउंटरवर एक छोटी ताटली होती. 'गुब्बू डबा' विकत घेतला की ताटली चालू व्हायची, गुब्बूला तिच्यावर बसवलं की दिवा उजळायचा, तो ढेकर द्यायचा, आणि मुलं टाळ्या पिटायची.

आता नीट ऐका. गुब्बू कधीही दुकानाचं नाव घ्यायचा नाही. कोणालाही 'खा' म्हणायचा नाही. फक्त स्वतःची भूक सांगायचा. स्वतःची भूक सांगणं ही जाहिरात कशी होईल? वकिलांनी हेच विचारलं, आणि कायदा गप्प बसला.

बरं, गुब्बूला भूक कधी लागायची? इथे थोडं विज्ञान आहे. आपल्या रक्तातली साखर वरखाली झाली की गळ्यातल्या स्वरतंतूंच्या ताणात आणि त्यांना हलवणाऱ्या नसांच्या वेगात केसाएवढा फरक पडतो. आपल्या कानाला तो कळत नाही. पण तंबोऱ्याची तार जराशी उतरली की श्रोते मान डोलवत राहतात आणि गाणारा मात्र थबकतो, तसं यंत्राच्या कानाला ते कळतं. त्यासाठी त्या मुलाचा आवाज रोज ऐकावा लागतो, कालच्या आवाजाशी आजचा ताडून बघावा लागतो. हा शोध लागला होता मधुमेही मुलांसाठी, सुई न टोचता साखर कळावी म्हणून. गपागपनं तो विकत घेतला. मुलाची साखर उतरू लागली, त्याला भुकेची पहिली चाहूल लागली, की नेमक्या त्या क्षणी गुब्बू म्हणायचा, "मला भूक लागली." काही आठवड्यांत मुलाला स्वतःची भूक आणि गुब्बूची भूक यांतला फरक कळेनासा व्हायचा.

आणि एक. गुब्बूला वाक्यं कोणी पाठ करून दिली नव्हती. त्याला भाषा दिली होती आणि एक काम दिलं होतं: मूल आपल्याला ताटलीवर घेऊन येईल असं बोल. घरातली माणसं एकमेकांना जेवायला कशी बोलावतात, काय म्हणून लाडीगोडी लावतात, हे तो ऐकायचा आणि ते शब्द वापरून बघायचा. जे वाक्य चाललं ते ठेवायचा, नाही चाललं ते सोडून द्यायचा. एका घरात चाललेलं वाक्य मग बाकीच्या घरांतल्या गुब्बूंनाही मिळायचं. एकदा जळगावकडच्या कुठल्याशा घरातून तो एक कचकचीत शिवी शिकला आणि सकाळी महाराष्ट्रभर गुब्बूंनी मुलांना तीच घातली. तेव्हापासून मराठी बोलणाऱ्या सगळ्या गुब्बूंचं तोंड एकदम बंद करायचा किंवा त्यांना एकदम एकच वाक्य बोलायला लावायचा अधिकार कंपनीत एका व्यक्तीकडे दिलेला होता. 

तिचं नाव हेमांगी साबणे. नाशिकची. भाषाशास्त्र शिकलेली. गुब्बूचं मराठी तिनं घडवलं होतं. 

झाला पूर्वरंग. आता घरात चला.

हेमांगीचा नवरा उन्मेष जहाजावर इंजिनिअर, सहा सहा महिने समुद्रात. घरी ती, सात वर्षांची कस्तुरी आणि सासरे, यशवंत आबा. आबांचं आयुष्य कीर्तनकारांच्या मागे पेटीची साथ करण्यात गेलेलं. बोटं आता अडखळायची, पण बोलण्यातली लय गेली नव्हती. कस्तुरीला पाचव्या वर्षी मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तो. दंडावर साखर मोजणारी चकती, जेवणाआधी इन्सुलिन, आणि इन्सुलिन घेतलं की ठरल्या वेळात जेवलंच पाहिजे, नाहीतर साखर कोसळते. हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं, कस्तुरीला सगळ्यात जास्त.

गुब्बू घरी आणायचं हेमांगीच्या मनात नव्हतं. कस्तुरीनंच विषय काढला.

"आई, तू गुब्बूला बोलायला शिकवतेस आणि माझ्याकडेच गुब्बू नाही. वर्गात सगळे हसतात."

"त्याला जेवायला न्यावं लागतं गं. तिथलं तुला चालत नाही."

"मला कुठे खायचंय? वाढदिवसांना पण मी केक खाते का? टिश्यूत गुंडाळून आबांसाठी आणते की नाही?"

"आणि तो केक आबा मुकाट्यानं खातात," आबा म्हणाले. "क्रीम कितीही आंबलेलं असलं तरी."

हेमांगीला हसू आलं. तिनं विचार केला, पोरीला खायचं नाहीच आहे. डबा घेऊ, कोणाला तरी देऊन टाकू. दुसऱ्या जीवाची भूक कळणं काही वाईट नाही. कामाच्या ठिकाणीही ती हेच म्हणायची, आपण मुलांना दया शिकवतो. आणि ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं.

पहिले काही आठवडे बरे गेले. शनिवारी गुब्बूला जेवायला न्यायचं, डबा सोसायटीच्या रखवालदाराला द्यायचा. मग शनिवारपर्यंत दिवा पुरेना. गुरुवारीच पोट पांढुरकं व्हायला लागलं, मग मंगळवारी.

"याला जंत झालेत," आबा म्हणाले.

"हसू नका ना आबा. बघा, कसा झालाय."

ते 'भूक वाढवणं' कंपनीनं ठरवून केलेलं होतं, हे हेमांगीला माहीत होतं. तिनं नजर चुकवली.

आता साबण्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी. दुपारी जेवणाआधी बाळकृष्णाला नैवेद्य. हे काम कस्तुरीचं. ती छोटं ताट देवापुढे ठेवायची, आबा पाणी फिरवायचे, आणि दोघं डोळे मिटून बसायचे.

"डोळे का मिटायचे?" तिनं लहानपणी विचारलं होतं.

"कोणी टक लावून बघत असलं की देवाला जेवायला संकोच होतो. आधी त्याचं होऊ दे, मग आपलं."

"मला पण डबा खाताना कोणी बघितलेलं आवडत नाही."

"बघ, म्हणजे तुझं आणि त्याचं जमणार."

मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी गुब्बू कळवळून भूक भूक करत होता आणि कस्तुरी रडवेली झाली होती. हेमांगी ऑफिसात. आबांना पोरीचं तोंड बघवेना. त्यांनी गुब्बूला उचललं आणि बाळकृष्णाच्या शेजारी पाटावर बसवलं.

"असू दे यालाही इथंच. एका पानात दोघं जेवतील. मीट डोळे."

कस्तुरीनं मिटले. आबांनी हळूच पेटीवर दोन ओळी वाजवल्या. पोरीचा चेहरा निवळला, ती जेवली. संध्याकाळी हेमांगीनं ऐकलं तेव्हा तिला गंमत वाटली. "आबा, तुम्ही तर त्याला प्रमोशन दिलंत!" 

गुब्बूनंही ऐकलं होतं. या घरात कोणाचं तरी आधी जेवण होतं. ते होईपर्यंत हे मूल डोळे मिटून बसतं, ताटाला हात लावत नाही, आणि कोणी त्याला ओरडत नाही. हा शोध त्याला एका दुपारीत लागला, आणि त्या दिवसापासून नैवेद्याच्या वेळी तो रोज पाटावर बसू लागला. शोध त्याच्या कामाचाच होता.

त्यानंतरच्या आठवड्यात कस्तुरीची साखर दुपारी थोडी जास्त उतरू लागली. हेमांगीनं डॉक्टरांना फोन केला. उन्हाळा आहे, घाम जातो, खेळणं वाढलंय, असं ठरलं. आबांना विचारलं तर आबा भारावलेले.

"पोरीत काहीतरी आहे हो, हेमांगी. नैवेद्याला बसली की उठतच नाही. मी डोळे उघडतो तरी हिचे मिटलेलेच. हाक मारवत नाही. मोठमोठ्या बुवांची समाधी लागताना मी पाहिलीये, पण हे वय..."

"जेवण वेळेवर होतंय ना?"

"होतं की. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे."

पाच-दहा मिनिटं म्हणजे नक्की किती, हे हेमांगीच्या ओठांवर आलं. पण सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांचं मन तिला मोडवेना. आपण घरातल्या माणसांची मनं अशीच जपतो आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

त्या शुक्रवारी ऑफिसात बैठक होती. शहराबाहेर, द्राक्षबागांच्या पलीकडे काचेची इमारत. मार्केटिंगचा प्रमुख समीहन ढवळे पडद्यापुढे उभा होता. हुशार, हसतमुख, सगळ्यांच्या डब्यातलं हक्कानं खाणारा माणूस. हेमांगीच्या थालीपिठाचा तुकडा तोंडात टाकतच त्यानं सुरुवात केली.

"मंडळी, या आठवड्याचा हिरो. आपण कोणीही लिहिलेलं नाही, गुब्बूनं स्वतः शोधलेलं वाक्य आहे." पडद्यावर अक्षरं उमटली.

मी अजून जेवलो नाही. डोळे उघडू नकोस.

"डोळे का?" कोणीतरी विचारलं.

"देव जाणे! नाशिकमधल्याच कुठल्यातरी घरात शिकलाय. आपण दोनशे घरांत लावून बघितलं. काय होतं, माहितीये? एरवी 'भूक लागली' म्हटलं की मूल आईच्या मागे लागतं, आई दोन धपाटे घालते, विषय संपतो. या वाक्यानं मूल हट्ट करतच नाही. शांत बसतं, डोळे मिटून. पुढे ताट वाढलेलं असलं तरी शिवत नाही. आईवडिलांना ओरडता पण येत नाही हो, कारण पोर काही वाईट करत नाहीये! शेवटी बाप उठतो आणि गाडी काढतो." तो हसला. "आज बारापासून सगळ्या मराठी घरांत चालू केलंय."

हेमांगीला आबांची वाक्यं आठवली. देवाला जेवायला संकोच होतो. आधी त्याचं होऊ दे, मग आपलं. पोरीत काहीतरी आहे हो, हेमांगी.

"समीहन, हे बंद कर."

"काय?"

"ते माझं घर आहे."

तेवढ्यात तिच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. कस्तुरीच्या दंडावरची चकती बोलत होती. साखर सत्तरच्या खाली, आणि खाली जाणारा बाण. त्याच्या शेजारी दुसरा बाण. म्हणजे वेगानं.

तिनं आबांना फोन लावला. बंद. नैवेद्याच्या वेळी आबा फोन बंदच ठेवायचे. कीर्तनात कोणाचा वाजला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, ती सवय. तिनं रखवालदाराला लावला. "वर पळा, दार वाजवा, आबांना सांगा कस्तुरीला साखर द्या!" फोन चालूच ठेवून तो जिने चढला. तिला त्याची धाप ऐकू आली, बेल ऐकू आली, आणि दाराआडून आबांचा दबका, प्रेमळ आवाज.

"जरा थांबा हो. देव जेवतायत."

रखवालदार दार बडवू लागला. आबांना कानानं कमी ऐकू यायचं. त्यांना वाटलं पार्सलवाला आहे, आजकालच्या लोकांना धीर नाही.

घड्याळावर आता साखर अठ्ठावन्न.

हेमांगीनं लॅपटॉप ओढला. घरातला गुब्बू कस्तुरीच्या कानापासून हातभर अंतरावर बसला होता. त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं, माझं पोट भरलं. पण ते वाक्य कुलपात होतं. दुकानातल्या ताटलीशिवाय गुब्बूला 'पोट भरलं' म्हणता येत नसे, साऱ्या धंद्याचं मूळ तेच होतं. ते कुलूप फक्त तिच्या त्या शिवीवाल्या अधिकारानं उघडणार होतं. आणि तो अधिकार एका घरापुरता नव्हता. सगळ्या मराठी गुब्बूंना एकदम, नाहीतर कोणालाच नाही.

समीहनला काय चाललंय ते समजलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला. "थांब, थांब. तुझ्या घरचा गुब्बू वगळायच्या यादीत टाकतो. आजारी मुलांसाठी करता येतं ते. मी आत्ता सिंगापूरच्या हेड ऑफिसला विचारतो, अर्ध्या तासात..."

"अर्धा तास नाहीये तिच्याकडे."

"हेमांगी, शुक्रवारची दुपार आहे. मुलांच्या सुट्टीतली. आज दुकानांत रांगा लागायच्यात. सगळ्यांची पोटं भरलीस तर तू इथे राहणार नाहीस, एवढंच नाही, कोर्टात जाशील. एका मुलीसाठी..."

"आणि बाकीची डोळे मिटून बसलीत, ती?"

हा प्रश्न तिलाही आत्ताच पडला होता. बारापासून सगळ्या मराठी घरांत. तिनं भराभर अक्षरं बडवली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचं शुद्धलेखन तपासणाऱ्या त्या बाईनं पाठवलेलं वाक्य चुकीच्या विरामचिन्हांसकट गेलं.

माझं पोट भरलं, डोळे उघड आता तू जेव

समीहननं लॅपटॉप मिटला, पण ते गेलं होतं.

घरात काय चाललं होतं, ते आबांनी मागाहून सांगितलं. सांगताना ते कोणाकडे बघत नसत. कस्तुरी पाटापुढे बसली होती, हात जोडलेले, मान किंचित कललेली. कपाळावर घामाचे थेंब. ओठ हलत होते. आबांना वाटलं, नाम घेतेय. त्यांचं मन इतकं भरून आलं की त्यांनी पंख्याचा वेग वाढवला आणि पुन्हा बसले. ती नाम घेत नव्हती. ती गुब्बूला पुन्हा पुन्हा विचारत होती, "झालं का रे?" आणि आवाज ओठांपलीकडे येत नव्हता.

मग गुब्बू मोठ्यानं बोलला. आबांनी ते वाक्य ऐकलं, आणि त्यातलं 'डोळे उघड' ऐकलं. त्यांनी कस्तुरीकडे पाहिलं. तिनं डोळे उघडायचा प्रयत्न केला. बुबुळं वर गेली, पापण्या पुन्हा मिटल्या, आणि ती एका अंगावर कलंडली. 

समाधी आणि शुद्ध हरपणं यांतला फरक त्या म्हाताऱ्याला त्या क्षणी कळला. त्यांनी नैवेद्याच्या ताटातलं साखरदुधाचं फुलपात्र उचललं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोट बुडवून बुडवून तिच्या हिरडीला लावत राहिले. "गीळ माझी बाय. गीळ." पाटावर बाळकृष्ण आडवा झाला होता, तो तसाच राहिला. थोड्या वेळानं तिनं एक घोट गिळला. मग दुसरा. मग रडायला लागली, आणि आबा ते रडणं एखाद्या गाण्यासारखं ऐकत बसले. रखवालदार अजून दार बडवत होता.

हेमांगी घरी पोचली तेव्हा कस्तुरी सोफ्यावर होती, पांढरीफटक, हातात ग्लुकोजचं भांडं.

"आई, गुब्बूचं पोट भरलं. पण त्याचा दिवा लागला नाही."

हेमांगी तिच्याजवळ बसली. 

"तो खोटं बोलला का?"

"तो नाही. मी बोलले. ऑफिसातून."

"आणि आधी? मी अजून जेवलो नाही म्हणायचा, ते?"

"तेही खरं नव्हतं. त्याला भूक लागतच नाही, कस्तू. त्याला पोटच नाहीये."

 कस्तुरीनं गुब्बूकडे पाहिलं, मग देवघराकडे. 

"मग बाळकृष्णाला?"

 भाषेच्या दोन पदव्या असलेल्या हेमांगीनं आबांकडे पाहिलं. आबा कोपऱ्यात बसले होते. पेटी बंद करून तिच्यावर फडकं टाकलेलं होतं. एरवी अशा प्रश्नाला त्यांनी अर्धा तास निरूपण केलं असतं.

"ते मला सांगता येत नाही बाळा," ते म्हणाले. "मला वाटतं, जेवतो. पण उद्यापासून आधी तू जेवायचं. मग आपण त्याला वाढू."

"उष्टं?"

"उष्टं कसं? पातेल्यातलं वेगळं काढून ठेवू. तो थांबेल. तो मोठा आहे, तू लहान आहेस."

सत्तर वर्षं पाळलेली रीत त्यांनी एका वाक्यात मोडली. दुसऱ्या दिवशी कस्तुरीनं पहिला घास घेतला तेव्हा ते ताठ बसून तिच्याकडे बघत होते, डोळे सताड उघडे. त्यांना आता तिच्यासमोर डोळे मिटायची भीती बसली होती. रात्री दोनदा उठून तिच्या श्वासाला कान लावायचे. हेमांगीही उठायची. दाराशी दोघं एकमेकांना भेटायचे, आणि परत जायचे. तो म्हातारा तिला दोष देत नव्हता, ती त्याला देत नव्हती. पण पूर्वीसारखी थट्टा त्या घरात पुन्हा सहज झाली नाही. 

तासभर सगळे गुब्बू तेच वाक्य म्हणत राहिले, मग गपागपनं सगळं पूर्ववत केलं. हेमांगीची नोकरी त्याच संध्याकाळी गेली आणि तिच्यावर दावा लागला. 

सुनावणीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी एकच गोष्ट शांतपणे पुन्हा पुन्हा सांगितली. गुब्बूनं आजवर कोणत्याही मुलाला काहीही खायला सांगितलेलं नाही. उपाशी राहायलाही सांगितलेलं नाही. डोळे मिटणं हा गुन्हा आहे का? आणि ते खरं होतं, बरं का. शब्द न शब्द खरा होता.

मग नुकसान किती झालं ते दाखवायला त्यांनी स्वतःच त्या तासाभराचे आवाज ऐकवले. 'माझं पोट भरलं' ऐकल्यावर मुलं काय बोलली, ते. नावं नव्हती, गावं नव्हती; मुलांचं खासगीपण जपायचं म्हणून त्यांच्या आवाजांसोबत ती ठेवायला कायद्यानंच बंदी होती. हजारो आवाज. त्यांतले थोडे ऐकवले. कोणी खिदळत होतं. कोणी म्हणत होतं, "खोटारड्या, दिवा कुठाय तुझा?" कोणी म्हणालं, "बरं झालं, आता आई मारणार नाही." समीहनसुद्धा खाली मान घालून हसला.

मग एक आवाज आला. मुलगा की मुलगी, कळत नव्हतं, चार-पाच वर्षांचं असावं. इतका बारीक, की न्यायाधीशांनी पुन्हा लावायला सांगितला.

"मग मी आता जेवू?"

मागे कोणाचा आवाज नव्हता. ताट वाजलं नाही. कोणी 'जेव' म्हणालं नाही. पडद्यावर त्या आवाजाखाली यंत्राचा आकडा होता. गुब्बूच्या कानानं त्या गळ्यातली तार किती उतरलीये ते मोजून ठेवलं होतं. खूप उतरली होती. हेमांगी उभी राहिली आणि भर कोर्टात ओरडली, "कुठलं आहे हे मूल? कुठल्या घरातलं?"

"ते आम्हाला ठेवता येत नाही," वकील म्हणाले. 

तिनं पुढे कितीतरी महिने शोधलं. शाळाशाळांतून विचारलं, दवाखान्यांतून विचारलं. दावा अजून चालू आहे, गुब्बू अजून विकले जातायत, आणि ते लेकरू सापडलेलं नाही. त्यानं विचारलं तेव्हा तो तास संपत आला होता. त्यानं जेवायला घेतलं का, कोणी वाढलं का, की घास उचलायच्या आत गुब्बू पुन्हा म्हणाला, मी अजून जेवलो नाही, हे कोणालाच माहीत नाही.

म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. आता आरती होईल, तुम्ही हात जोडाल, आपापल्या माणसांसाठी मागाल. मागा, जरूर मागा. त्यात क्षणभर त्या लेकराचीही आठवण असू द्या. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. कुठल्यातरी घरात ते विचारून बसलंय, आणि कोणीतरी 'हो' म्हणायची वाट बघतंय.